आधी कान, मग कॅमेरा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका सकाळी आमचा एक माजी विद्यार्थी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते. म्हणाला, "सर, आबा गेले परवा. दहाव्याच्या फ्लेक्सला फोटो पाहिजे. तुमच्याकडं असंल ना, पखवाज वाजवतानाचा?"

आबा म्हणजे आमच्या गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. त्या सप्ताहाचे फोटो मी सात वर्षं काढतोय. म्हटलं, "असणारच रे. संध्याकाळी पाठवतो."

दुपारी संगणक उघडला. सात वर्षांचे मिळून चार हजारांच्या वर फोटो निघाले. कीर्तनकार महाराजांचा उंचावलेला हात होता, पाहुण्यांचे सत्कार होते, महाप्रसादाच्या पंगती होत्या, मंडपावर टाकलेला प्रकाशझोत होता. आबा मात्र कुठे महाराजांच्या खांद्याआड अर्धे, कुठे चेहऱ्यासमोर माइकची दांडी आलेले, तर कुठे फक्त मनगटापुरते. पूर्ण चेहरा दिसेल असा एकही फोटो नव्हता. शेवटी फ्लेक्सवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. चौकात तो पंधरा दिवस होता, आणि शाळेत जाताना रोज मला त्याच्यासमोरूनच जावं लागायचं.

सात वर्षं मी फोटो काढत होतो, पण ऐकत नव्हतो. सगळं कीर्तन ज्याच्या हातावर चालायचं, तोच माझ्या फोटोत नव्हता. म्हणून आज हा विषय घेतलाय. संगीताच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला कसं शिकायचं आणि शिकल्यावर तो उत्साह टिकवायचा कसा, याबद्दल माझं मत सरळ आहे. कॅमेरा दुसऱ्या नंबरावर येतो, पहिला नंबर कानाचा.

शाळा आपल्या दारातच आहे

मुलं विचारतात, "सर, भारी फोटो काढायला पुण्या-मुंबईच्या कॉन्सर्टला जावं लागतं ना?" मी म्हणतो, जरूर जा, पण तिथं तुम्हाला कितीसा वेळ मिळणार? परदेशातल्या मोठ्या रॉक आणि पॉपच्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना बहुतेक वेळा पहिली तीन गाणीच मिळतात, तीही फ्लॅश न वापरता. चौथं गाणं सुरू झालं की बाहेर.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडं बघा. एका सप्ताहात सात दिवस काकडा, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन आणि शेवटी काल्याचं कीर्तन. ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते, ती नाशिक, सिन्नर करत आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडीतले टाळ-मृदंग तुमच्या गावावरून चालत जातात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा आणि त्यात तमाशा. जामखेडची कलाकेंद्रं आहेत. लग्नसराईचा बँड, गोंधळी, नवरात्रातली आराध्यांची गाणी आहेत. इतकं सगळं गाणं विनातिकीट किंवा थोडक्या तिकिटात, तेही वर्षानुवर्षं त्याच माणसांकडून ऐकायला मिळतं. शिकणाऱ्याला याहून मोठी शाळा कुठली?

नवशिक्यांना मी काल्याच्या कीर्तनापासून सुरुवात करायला सांगतो. ते दिवसा असतं, उजेड भरपूर असतो. यात्रेतल्या तमाशाची दुसऱ्या दिवशीची हजेरीसुद्धा तशीच, सकाळच्या उजेडातली. रात्रीच्या अंधारात पहिल्याच दिवशी उडी मारू नये. पोहायला शिकताना आपण आधी विहिरीच्या पायरीवरच बसतो ना?

सम कळली की बोट कळतं

आता कानाचं. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. आठ मोजले की पुन्हा पहिली मात्रा, ती सम. तुम्ही घरात बसून मांडीवर हा ठेका धरा. आठवडाभर धरा. मग कीर्तनाला जा आणि कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं बघा. महाराज चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात. सुरुवातीची ठाय लय हळूहळू चढते, पखवाज गर्जायला लागतो, पावली जोरात पडते आणि मग सगळे एकदम समेवर येऊन थांबतात. त्या एका क्षणी चाळीस टाळ एकत्र मिटतात. कुणाचे डोळे मिटलेले असतात, तर कुणी शेजाऱ्याकडं बघून हसत असतं.

फोटो तिथंच आहे. पण तो बघून बटण दाबायला गेलात, तर क्षण निघून गेलेला असतो, कारण डोळ्याला दिसून बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. ज्याला ठेका कळतो, त्याला सम येण्याआधीच माहीत असते. त्याचं बोट समेच्या किंचित आधी तयार असतं. ज्याला कळत नाही तो दहा-दहा फोटोंचा मारा करतो आणि घरी येऊन त्यातला एक शोधत बसतो. मीही तेच करत होतो. चार हजार फोटो उगाच नाही झाले.

तमाशालाही असाच क्रम असतो. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. गण चालू असताना रंगमंचावर सगळे वादक दिसतात, गवळणीत मावशी येते आणि हसू फुटतं, बतावणीत सोंगाड्याच्या तोंडाकडं लक्ष ठेवावं लागतं. हा क्रम ठाऊक असेल तर पुढे काय येणार आणि आपण कुठं उभं राहायचं हे आधीच ठरवता येतं. ढोलकीवाला सवाल टाकतो, तुणतुणं त्याला धरून असतं, झीलकरी मागून सूर ओढतात. प्रत्येक आवाज कुठून येतोय हे एकदा कानानं शोधा. त्या जागेवर नजर गेली की तिथं माणूस दिसतो. आबा मला अशाच रीतीनं दिसले असते.

उजेडाचे चार धडे

आता थोडं कॅमेऱ्याचंही बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल, सरांनी नुसतं तत्त्वज्ञान सांगितलं.

पहिला धडा म्हणजे फ्लॅश बंद. माझ्या पहिल्या सप्ताहात मी ऐन अभंगात फ्लॅश मारला होता. आबांचा हात क्षणभर अडखळला. ते बोलले काही नाहीत, फक्त माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून आठवते. फ्लॅशनं कलाकाराची तंद्री मोडते आणि मंडपाचा पिवळा, ऊबदार उजेडही मरून जातो. फोटो आधार कार्डासारखा येतो.

दुसरा धडा भिंगाचा. कॅमेऱ्यासोबत मिळणारं साधं झूम भिंग पूर्ण लांबवलं की त्याचं छिद्र एफ ५.६ पर्यंत लहान होतं. पन्नास मिलिमीटरचं एफ १.८ वालं छोटं भिंग त्याच्यापेक्षा साधारण नऊ-दहा पट जास्त उजेड आत घेतं. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी असलं एखादं जुनं, वापरलेलं भिंग शोधा. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवायला घाबरू नका. फोटोत दाणे दिसले तर दिसू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.

तिसरा धडा शटरचा. स्थिर उभ्या गायकाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. नाचणाऱ्याला अडीचशेवा भाग लागतो आणि ढोलकीवरचा हात गोठवायचा तर पाचशेवा. उलट मुद्दाम तिसावा भाग ठेवून बघा. चेहरा स्थिर राहतो, हात मात्र धुरासारखा पसरतो. त्या फोटोतून ठेका ऐकू येतो! एलईडी दिव्यांखाली कधीकधी फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

चौथा धडा पांढऱ्या कपड्यांचा. कीर्तनकारांचा पांढरा पोशाख आणि मागं काळोख असला की कॅमेरा फसतो. काळोख बघून तो फोटो जास्त उजळ करतो आणि चेहरा पांढराफट पडतो. अशा वेळी उजेड एक पायरी कमी करा. मोबाईल असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. मोबाईलचा रात्रीचा मोड गाणं चालू असताना बंदच ठेवा, कारण तो अनेक चित्रं जोडून एक फोटो बनवतो आणि तेवढ्यात हात हलून जातो. झूमसाठी बोटं ताणू नका, दोन पावलं पुढे जा. आणि हो, स्क्रीनचा उजेड कमी करा. मागं बसलेल्या आजींना महाराज दिसायला हवेत, तुमचा मोबाईल नव्हे.

फोटो कुणाचा?

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि इथंच काही जणांना माझं बोलणं झोंबेल.

यात्रेत तमाशा सुरू झाला की पुढच्या रांगेत शंभर मोबाईल वर होतात. त्यातले किती जण गाणं टिपतात? बरेचसे कॅमेरे खालच्या कोनातून नाचणाऱ्या बाईवर रोखलेले असतात. रात्रीत त्याची क्लिप फिरते, खाली नको त्या ओळी लिहिल्या जातात. तिच्या गळ्याची वर्षांची मेहनत, तिचं लयीवरचं प्रभुत्व त्या क्लिपमध्ये कुठंच नसतं. तिची मुलं कुठल्यातरी शाळेत शिकत असतात, त्यांच्या वर्गातही ती क्लिप पोचते. मी शिक्षक आहे, मला हे दिसतं. याला मी फोटोग्राफी म्हणत नाही.

पडद्यामागचं तर आणखी गंभीर आहे. राहुटीत, कनातीआड बाई कपडे बदलत असताना लपून फोटो काढणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पोरांनो, हे गमतीत घेऊ नका.

मग तमाशाचे फोटो काढूच नयेत का? काढावेत, अवश्य काढावेत. संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक मिळालं तर जरूर पाहा. त्यांनी रंगमंचावरच्या नाचासोबत तमासगिरांचं जगणंही टिपलं. तिथं माणसं दिसतात आणि त्यांच्याबद्दल आपल्या मनात आदर तयार होतो. कॅमेरा तोच, विषयही तोच, फरक बघणाऱ्याच्या नजरेत आहे.

आपल्या संगमनेरला घर केलेल्या ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये करोनाच्या काळात गेल्या. त्या दोन वर्षांत यात्रा बंद होत्या, फड बसून होते. असं माणूस गेलं की आपण हळहळतो. पण तो चांगल्या उजेडात, मानानं टिपलेला चेहरा आपण हयातीतच किती कलावंतांना देतो?

म्हणून माझे तीन नियम आहेत. कार्यक्रमाआधी भेटून विचारायचं. "फोटो काढू का?" एवढंच. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत. दुसरं, फोटो कुठेही टाकण्याआधी त्यांना दाखवायचा. तिसरं, निदान एक फोटो छापून हातात द्यायचा. मोबाईलवर पाठवलेला फोटो हरवतो, भिंतीवर लावलेला राहतो.

"सर, हे पोरांना कशाला सांगता?"

एका पालकांनी मला विचारलं होतं, "तमाशाचे फोटो, कलाकेंद्रं, हे काय शाळेतल्या पोरांना सांगायचं? त्यापेक्षा अभ्यास घ्या ना." त्यांची काळजी खोटी नाही. आठवीच्या मुलानं रात्री बारा वाजता तंबूत जावं असं मीही म्हणत नाही. त्याच्यासाठी काल्याचं कीर्तन आहे, शाळेचं स्नेहसंमेलन आहे, घरासमोरून जाणारी दिंडी आहे. पण मोबाईल त्याच्या हातात आधीच आहे आणि क्लिपा त्याच्यापर्यंत आधीच पोचल्यात. बघायचं कसं हे आपण शिकवलं नाही, तर तो क्लिपांकडूनच शिकणार. मला हा अभ्यासाचाच भाग वाटतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. "आमच्याकडं साधा मोबाईल, आम्ही काय फोटो काढणार?" आमच्या नववीतल्या एका मुलीनं तडा गेलेल्या मोबाईलवर आपल्या आजीचा फोटो काढला. आजी काकड्याला ओव्या म्हणत होती, शेजारी समई होती, बस. उजेड एका बाजूनं आला होता, सुरकुत्या दिसत होत्या, ओठ अर्धे उघडे होते. तिला आजीची ओवी पाठ होती, श्वास कुठं थांबतो ते माहीत होतं. माझ्या चार हजारांत असा एक फोटो नाही.

उत्साह टिकवायचा कसा?

पहिले सहा महिने सगळ्यांनाच हुरूप असतो. मग लाइक कमी पडतात, सगळे फोटो एकसारखे दिसायला लागतात आणि कॅमेरा कपाटात जातो. माझाही मध्ये दोन वर्षं असाच कंटाळा चालला होता. सप्ताहात जायचो, सवयीनं बटण दाबायचो.

दयानिता सिंग यांची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना त्या झाकीर हुसेन यांच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला गेल्या. आयोजकांपैकी कुणीतरी अडवलं, धक्का लागला आणि त्या सगळ्यांसमोर पडल्या. कार्यक्रमानंतर त्यांनी झाकीरभाईंना गाठून सांगितलं की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी छायाचित्रकार होईन. पुढे सहा हिवाळे त्या त्यांच्यासोबत दौऱ्यांवर फिरल्या. त्यातून १९८६ मध्ये 'झाकीर हुसेन' हे त्यांचं पहिलं पुस्तक आलं. झाकीरभाईंना त्या आपले पहिले गुरू मानतात. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. एका तबलजीकडून छायाचित्रकार काय शिकला असेल? माझ्या मते रियाज. एकाच माणसाकडं, एकाच वाद्याकडं सहा वर्षं बघत राहणं हा रियाजच आहे.

पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय संगीतातल्या दिग्गजांना वर्षानुवर्षं असंच टिपलं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलाय. तिथला मंडप बदलला, गायकांच्या पिढ्या बदलल्या. असा माणूस एका कार्यक्रमाशी धरून राहतो, तेव्हा त्याच्या फोटोंतून इतिहास तयार होतो. रघु राय यांनीही आपल्या शास्त्रीय गायक-वादकांवर एक अख्खं पुस्तक केलं. यातल्या कुणाचाच उत्साह लाइकवर चालला नसणार. त्यांना गाणं आवडत होतं, म्हणून ते परत परत जात राहिले.

यावरून मी माझ्यासाठी काही पथ्यं ठरवलीत. तुम्हीही करून बघा. एका रात्रीत चोवीसच फोटो काढायचे, जुन्या रिळात साधारण तेवढेच बसायचे. सातांतला एक दिवस कॅमेरा घरी ठेवून टाळकऱ्यांमध्ये उभं राहायचं. एका दिवशी फक्त हात, दुसऱ्या दिवशी फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे, तिसऱ्या दिवशी कीर्तन सुरू होण्याआधीची अर्धी घटका. पखवाजाच्या धुमेला कणीक लावणारी बोटं, वीणा गळ्यात घालणारे विणेकरी, माइक ठोकून बघणारा साउंडवाला पोरगा. हे सगळं सात वर्षं माझ्यासमोर होतं आणि मी सत्काराच्या हारांची वाट बघत बसलो होतो.

यंदाच्या सप्ताहात आबांचा मुलगा पखवाजावर बसला. तोच, फ्लेक्ससाठी फोटो मागायला आलेला. चौथ्या दिवशी मी बाजूला, त्याच्या उजव्या हाताला मांडी घालून बसलो. माइकची दांडी मधे येत होती, म्हणून साउंडवाल्याला विनंती करून ती थोडी खाली घेतली. एवढी साधी गोष्ट सात वर्षांत सुचली नव्हती. गजर चढला. मी मांडीवर ठेका धरला होता. सहा, सात, आठ...

त्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले आहेत आणि हनुवटी थोडी वर आहे, आबांची असायची तशी. आठ बाय बाराचा छापून घेतला आणि घरी नेऊन दिला. त्याच्या आईनं तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "याचा आला बघा. यांचाबी असा काढला असता तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मला चहा दिला.

त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडं मात्र अजून वेळ आहे. मित्रांनो, या महिन्याचा गृहपाठ असा. तुमच्या गावात, गल्लीत जो कुणी वाजवतो, गातो, टाळ धरतो, त्यांच्यातला एक माणूस निवडा. पुढचा नको, मागं बसलेला निवडा. तीनदा त्याला नुसतं ऐका. चौथ्यांदा विचारून फोटो काढा. छापा आणि नेऊन द्या. मग वर्गात येऊन सांगा, त्यानं फोटो कुठं लावला.